नऊ-एक असतानाचा झेल

लोरेटाने नवऱ्याच्या हातातून फोनचा रिसीव्हर काढून घेतला आणि जागेवर ठेवला.

"चौथ्यांदा," ती म्हणाली.

"लाइन चालू आहे का ते बघत होतो. एवढ्या गारठ्यात तारा तुटतात."

"तू सारखा उचलून धरलास तर येणारा फोन येणार कुठून?"

"मला फोन येणारच नाहीये. फोन निवडून आलेल्यांना जातो."

"मग हात कशाला लावतोस?"

झिगी कुबियाकने हात खिशात घातले. तो खिडकीपाशी गेला, परत आला, उगाच एक खुर्ची टेबलाखाली सरकवली. पहाटे पाचला उठल्यापासून त्याने गळक्या नळाचा वायसर बदलला होता, तीन सुऱ्यांना धार लावली होती आणि तळघरात उतरून घर तापवायची भट्टी दोनदा उघडून पाहिली होती. भट्टीला काही झालेलं नव्हतं. पोर्ट हॅरोतल्या निम्म्या घरांच्या भट्ट्या तोच दुरुस्त करायचा. स्वतःच्या घरची बिघडली असती तर लोक हसले असते.

आज बेसबॉलच्या कीर्तिभवनाच्या, म्हणजे हॉल ऑफ फेमच्या, मतदानाचा निकाल होता. देशभरातले चारशे एक जुनेजाणते पत्रकार मत देतात. प्रत्येकाला दहापर्यंत नावं लिहिता येतात, आणि चारात तिघांनी ज्याचं नाव लिहिलं तो कायमचा आत जातो. झिगी आत जाईल असं कुणालाच वाटत नव्हतं, त्याला स्वतःलाही नाही. पण खेळातून निवृत्त झाल्यावर पाच वर्षं उलटल्यामुळे त्याचं नाव यंदा पहिल्यांदाच यादीत आलं होतं, आणि यादीत टिकायचं तर शंभरात पाच मतं पुरत होती. म्हणजे एकवीस. एकवीस मिळाली तर पुढच्या वर्षी नाव परत येणार. एक जरी कमी पडलं तर नाव खोडलं जाणार, ते कायमचं.

एकवीस हा आकडा गावात सगळ्यांच्या तोंडी झाला होता. न्हावी केस कापताना बोलायचा, पाद्री प्रार्थनेनंतर हळूच विचारायचा. काल बेकरीतल्या बाईने लोरेटाला जॅम भरलेली पाँचकी, पोलिश डोनट, बांधून दिली, ती मोजून एकवीस. संध्याकाळी पोलिश क्लबात जेवण ठेवलं होतं. बर्नी स्लोमा, क्लबचा चालक आणि झिगीचा शाळेपासूनचा मित्र, गेला आठवडाभर त्याचीच तयारी करत होता.

"मी बर्नीला सांगितलं होतं, जेवणबिवण नको," झिगी म्हणाला.

"बर्नीला आजवर कुणी काही सांगू शकलंय?"

तेवढ्यात फोन वाजला. लोरेटाचा हात पुढे झाला, पण झिगीचा आधी पोचला होता. तो ऐकत राहिला. मग "हो," म्हणाला, "ज्योत पेटते पण धरून राहत नाही, असंच ना?" परत ऐकलं. "पत्ता सांगा." तो पत्ता लिहायला लागला आणि मधेच त्याची पेन्सिल थांबली. "नाही, नाही. ऐकतोय. येतो मी, बाई."

"कोण होतं?" लोरेटाने विचारलं.

"मिसेस ड्रिस्कॉल. लेक रोडवरच्या. भट्टी बंद पडली आहे रात्रीपासून."

लोरेटा जागच्या जागी थांबली. "एमेट ड्रिस्कॉलची बायको?"

"दुसरे कोण ड्रिस्कॉल राहतात तिकडे?"

"तू जाणार नाहीस."

"घरात दोन म्हातारी माणसं आहेत, लोरेटा. बाहेर पारा शून्याखाली आहे."

"गावात आणखी तिघं आहेत भट्ट्या दुरुस्त करणारे."

"तिघांनी उचलला नाही फोन."

"मग तू जातोयस तो भट्टीसाठी जातोयस, की..." तिने वाक्य पुरं केलं नाही. झिगीने कोट अंगात चढवला होता आणि दुसऱ्या बाहीसाठी तो नेहमीप्रमाणे तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. उजवा खांदा एका उंचीच्या वर जात नसे. तिने बाही चढवून दिली.

"चारला निकाल आहे," ती म्हणाली. "सरळ क्लबात ये. आणि त्या माणसाशी भांडू नकोस."

"भट्टी दुरुस्त करायला जातोय मी."

"तेच म्हणते."

*

एमेट ड्रिस्कॉलने चाळीस वर्षं शहरातल्या मोठ्या पेपरात बेसबॉलवर लिहिलं होतं. निवृत्त होऊनही त्याचा मताचा हक्क शाबूत होता. झिगीची मोठ्या लीगमधली पहिली चार वर्षं त्याने जशी लिहिली होती तशी कुणीच लिहिली नव्हती. मधल्या मैदानात उभा राहणारा बावीस वर्षांचा पोर्ट हॅरोचा पोरगा, बॅटचा आवाज व्हायच्या आधी पळायला लागतो असं त्याने पहिल्याच महिन्यात लिहिलं, आणि ते शब्द पुढे सगळ्या देशाने उचलले. तिसऱ्या वर्षी झिगी लीगमधला सगळ्यात चांगला फलंदाज ठरला. त्या दोन-तीन वर्षांत पोर्ट हॅरोत जन्मलेल्या अकरा मुलांची नावं झिगमुंट ठेवली गेली. त्यांतली बरीच आता स्वतःला दुसऱ्याच नावाने हाक मारून घेत.

मग एकोणसत्तरचा ऑगस्ट आला. आठव्या डावात, संघ नऊ विरुद्ध एकने मागे असताना, झिगी एका उंच चेंडूमागे पळत सिमेंटच्या भिंतीवर जाऊन आदळला. खांदा तीन ठिकाणी मोडला. दुसऱ्या दिवशी ड्रिस्कॉलच्या लेखाचं शीर्षक एका शब्दाचं होतं: 'विनाकारण'. हरलेल्या सामन्यात, ज्या झेलाने काहीच बदलणार नव्हतं, त्यासाठी या माणसाने स्वतःला मोडून घेतलं, असं त्याने लिहिलं होतं. पुढची सहा वर्षं झिगी तीन शहरांत, तीन संघांत, बहुतेक वेळ बाकावर बसून काढत होता, आणि तो शब्द त्याच्या मागे मागे जात होता. प्रेक्षकांतून कुणीतरी तो ओरडायचं. एकदा एका दाताच्या डॉक्टरने दात काढता काढता विचारलं, "पण तुम्ही गेलातच का हो त्या चेंडूमागे?" तोंडात कापूस होता म्हणून झिगी वाचला.

लेक रोडवर ट्रक चालवताना झिगीने रेडिओ लावला, बंद केला, परत लावला. सरोवर दूरवर गोठलेलं होतं. आपण तिथे जाऊन काय विचारणार, हे त्याला अजून ठरवता आलं नव्हतं. मत दिलंत का, असं सरळ विचारायचं? की काहीच विचारायचं नाही, आणि म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहून ओळखायचं? दोनदा त्याला वाटलं, ट्रक वळवावा. वळवायला जागा मिळाली तेव्हा मात्र तो पुढेच गेला.

कोरा ड्रिस्कॉलने दार उघडलं. अंगात कोट, डोक्याला रुमाल. स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं ठेवून ती दोघं त्याच्यासमोर बसली होती. म्हातारा खुर्चीत हॅट घालून, पायांवर घोंगडी घेऊन बसला होता. झिगीने शेवटचं त्याला पाहिलं होतं त्यापेक्षा तो बराच लहान झाला होता.

"कुबियाक," तो म्हणाला.

"मिस्टर ड्रिस्कॉल."

"मी हिला सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला तरी बोलव."

"बाकीच्यांनी उचलला नाही ना फोन," कोरा म्हणाली. "यांनी पहिल्याच घंटीला उचलला."

ड्रिस्कॉलने झिगीकडे पाहिलं. पहिल्याच घंटीला का उचलला, हे त्याला कळलं असावं. त्याने घोंगडी वर ओढून घेतली.

तळघरात उतरल्यावर दोन मिनिटांत झिगीला दोष सापडला. भट्टीत एक लहानशी ज्योत कायम जळत असते. ती जळते आहे की नाही हे ओळखणारी तांब्याची बारीक नळी तिच्याजवळ असते. ती नळी जळून गेली होती, म्हणून बटणावरून बोट काढलं की गॅस बंद व्हायचा. ट्रकमध्ये तसल्या सहा नळ्या पडलेल्या असत. पंधरा मिनिटांचं काम. पण झिगीने खालची झाकणं काढली, पंखा साफ केला, काजळी खरवडली, नट सैल करून परत घट्ट केले. वरून पावलं वाजली की तो थांबायचा.

शेवटी जिना करकरला. ड्रिस्कॉल कठडा धरून एकेक पायरी उतरत होता. खाली आल्यावर त्याने एक पालथं खोकं पायाने ओढलं आणि त्यावर बसला.

"काय झालंय तिला?"

"नळी गेली आहे. होईल आता."

"अर्धा तास झाला तू खाली आहेस."

"साफसफाई करत होतो."

"विचार," ड्रिस्कॉल म्हणाला. "विचारायला आला आहेस ना."

झिगीने पाना खाली ठेवला. हात पुसले. बोटांच्या फटींतसुद्धा पुसले.

"मत पाठवलंत?"

"डिसेंबरातच."

"किती नावं लिहिलीत?"

म्हाताऱ्याने हॅट काढून गुडघ्यावर ठेवली. "सहा."

"दहा लिहिता येतात."

"येतात."

"म्हणजे चार ओळी कोऱ्या गेल्या."

"कोऱ्या गेल्या."

वर कोरा चालत होती. झिगीला काय वाटायला हवं होतं ते वाटेना. राग येईल असं त्याला वाटलं होतं, पण कानांत नुसता हवेचा आवाज येत होता, उंचावरून गाडी उतरताना येतो तसा.

"माझ्याऐवजी कुणाला निवडलं असतंत तर वेगळी गोष्ट होती," तो म्हणाला. "कोऱ्या ओळींवर मी हरलो."

"जागेचा प्रश्न नव्हता, कुबियाक. पेन घेऊन दोन दिवस बसलो होतो. विचार हिला." ड्रिस्कॉलने वर बोट दाखवलं. "तुझं नाव लिहायचा मोह मला सगळ्यांत जास्त झाला. चाळीस वर्षांत तुझ्यासारखा पळणारा मी पाहिला नाही. पण ती चार वर्षं. पुढची सहासुद्धा मीच पाहिली आहेत."

"पुढची सहा हाडांची होती. माझी नव्हती."

"कीर्तिभवनातल्या पाटीवर ते लिहीत नाहीत."

झिगी उठून भट्टीच्या पलीकडे गेला, भिंतीपाशी थांबला, परत आला. तळघर लहान होतं, चार पावलांत संपत होतं.

"आणि तो लेख? तोसुद्धा पाटीसाठी लिहिलात?"

ड्रिस्कॉलने गुडघ्यावरची हॅट फिरवली. त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

"मला राग आला होता," तो म्हणाला. "मी तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होतो. म्हटलं, निवृत्त होईपर्यंत हा पोरगा मला पाहायला मिळणार. रोज संध्याकाळी त्याच उत्साहाने मी मैदानावर जायचो. आणि तू ते भिंतीवर नेऊन फोडलंस, नऊ-एक असताना. तुझ्यापेक्षा मलाच काहीतरी झालंय अशा थाटात मी लिहीत बसलो रात्री. बरोबर नव्हतं ते. पण कारण मला आजही ठाऊक नाही. कुणालाच नाही. तू गेलास का?"

साडेअकरा वर्षं झिगीने याचं उत्तर दिलं नव्हतं. लोरेटाने लग्नानंतर दोन वेळा विचारलं आणि सोडून दिलं. त्याने परत पाना उचलला, नवी नळी बसवायला घेतली, आणि पाठमोरा राहूनच बोलायला लागला.

"त्या दिवशी चेंडू टाकणारा, पिचर, कोण होता आठवतं?"

"नाही. कुणीतरी खालून आणलेला होता."

"हॉबर्ट प्रुएट. चौतीस वर्षांचा. तेरा वर्षं त्याने छोट्या लीगमध्ये बसमधून फिरत काढली होती. वरच्या मैदानावरचा त्याचा तो पहिला दिवस. बायको आणि आई पहिल्यांदा विमानात बसून आल्या होत्या. पहिल्याच डावात त्याच्या चेंडूंना मार बसायला लागला. मॅनेजरने बदललं नाही. बाकीच्या पिचरांना विश्रांती हवी होती, म्हणून याला ठेवला उभा. मार खा म्हणाले."

"असं करतात," ड्रिस्कॉल म्हणाला.

"करतात. पण आम्ही कुणी त्याच्याकडे पाहतसुद्धा नव्हतो. नजर चुकवत होतो, जसा काही त्याला संसर्गाचा रोग झाला आहे. सातव्या डावात एक चेंडू माझ्याकडे आला. पळालो असतो तर मिळाला असता. मी पळालो नाही. सामना गेलेलाच होता ना, दोन टप्पे पडू दिले आणि उचलला. आणखी दोन धावा झाल्या. प्रुएटने वळून माझ्याकडे पाहिलं. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने हात वर केला, असा. माफी मागतात तसा. माझ्यामुळे तुला त्रास, असं."

झिगीने नट आवळला. जरा जास्तच आवळला गेला म्हणून थोडा सैल केला.

"आठव्यात पुढचा चेंडू आला. नऊ धावा झाल्या होत्या त्याच्यावर. दहावी नको होती."

"मिळाला होता तो चेंडू," ड्रिस्कॉल हळू म्हणाला. "झेल धरून होतास तू."

"धरून होतो म्हणे. मला आठवत नाही. पंचाने बोटं उघडून काढला."

"मग प्रुएटचं काय झालं?"

"दुसऱ्या दिवशी परत पाठवला. जायच्या आधी इस्पितळात आला. एक शब्द बोलला नाही. तासभर स्टुलावर बसला. माझे मैदानातले बूट कुणीतरी पलंगाखाली टाकले होते, चिखलासकट. ते त्याने बाहेर काढले, रुमालाने पुसले, लेस बांधून परत ठेवले, आणि गेला. पुन्हा कधी पिचर म्हणून उभा राहिला नाही. मागच्या शरद ऋतूत वारला. त्याच्या बायकोचं पत्र आलं होतं."

"हे मला तेव्हा का सांगितलं नाहीस?"

"काय सांगणार? प्रुएटची दया आली म्हणून गेलो, असं? तुम्ही छापलं असतंत."

"छापलं असतं," ड्रिस्कॉल म्हणाला. "पहिल्या पानावर."

"मग त्याच्या आईने वाचलं असतं."

वरून कोराने विचारलं, अजून किती वेळ लागेल, ओव्हनने तिचे पायच तेवढे गरम होत आहेत. झिगीने सांगितलं, पाच मिनिटं.

मग त्याने तो प्रश्न विचारला. विचारताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण विचारल्याशिवाय तो जिना चढू शकला नसता.

"हे तुम्हाला डिसेंबरात ठाऊक असतं तर?"

म्हाताऱ्याने डोळे मिटले. खरोखर विचार करत होता तो. झिगीला त्याच्या पापण्या हलताना दिसत होत्या.

"नाही," तो म्हणाला. "तरी सहाच लिहिली असती. तुला खोटं सांगत नाही."

"बरं."

"पण तो शब्द लिहिला नसता मी. तो शब्द चुकीचा होता."

झिगीने काडी ओढली. लहान ज्योत पेटली. बटण दाबून धरून त्याने मनात साठपर्यंत आकडे म्हटले आणि बोट काढलं. ज्योत राहिली. मग मोठा जाळ आतल्या आत भडकला, पंखा फिरायला लागला, आणि पत्र्याची नळकांडी तापताना टणटण वाजायला लागली. ड्रिस्कॉलला उठताना आधार लागणार होता. झिगीने डावा हात पुढे केला. म्हाताऱ्याने तो धरला, उभा राहिला, आणि उभा राहिल्यावरही जरा वेळ सोडला नाही.

"किती लागतात? टिकायला?"

"एकवीस."

"मिळोत तुला."

"तुमच्याशिवाय मिळवावी लागतील," झिगी म्हणाला, आणि दोघांनाही किंचित हसू आलं.

*

चार वाजता तो सरोवराच्या काठी ट्रक उभा करून बसला होता. घर जवळ होतं, क्लब जवळ होता, पण कुठेच जाववत नव्हतं. बर्फावर मासे पकडणाऱ्यांच्या पत्र्याच्या झोपड्या दिसत होत्या. एकीतून धूर निघत होता. त्याने किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन एकेक किल्ली फिरवली, परत पहिल्यापासून सुरू केलं.

रेडिओवरच्या माणसाने निवडून आलेल्याचं नाव सांगितलं. मग थोडक्यात हुकलेल्या दोघांची सांगितली. मग म्हणाला, संध्याकाळी गोठणारा पाऊस पडेल, गाड्या सांभाळून चालवा. पुढे मोटारीच्या टायरांची जाहिरात लागली. झिगीचं नाव आलं नाही, आणि मतंही कळली नाहीत. ती कळायला पेपरच्या कचेरीत फोन करावा लागणार होता. एव्हाना बर्नीने तो केलेला असणार.

तो क्लबात पोचला तेव्हा आवारात गाड्यांना जागा नव्हती. काचेवर बारीक पाऊस पडून तिथेच घट्ट होत होता. त्याने दार ढकललं. आतल्या बोलण्याचा आवाज एकाएकी बसला. पन्नासेक माणसं होती. सगळी त्याच्याकडे पाहत होती आणि पाहत नसल्यासारखं करत होती. बर्नी स्लोमा, ज्याचं तोंड झोपेतही चालतं असं त्याची बायको सांगायची, एका कोपऱ्यात खुर्च्या मांडत होता. त्या आधीच मांडलेल्या होत्या.

"किती?" झिगीने विचारलं.

बर्नीने आणखी एक खुर्ची सरळ केली. मग टेबलाच्या टोकाला बसलेली लोरेटा म्हणाली, "सात."

"सात," तो म्हणाला.

"चारशे एकातली," बर्नी म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा पडला.

"बर्नी, आकडेमोड येते आम्हाला," लोरेटा म्हणाली. "जा, पिरोगी आण."

झिगीने कोट काढायला घेतला. लोरेटा उठून मागे आली आणि बाही ओढून दिली. तो चोचा वांदाच्या शेजारी जाऊन बसला. चोचा म्हणजे लोरेटाची मावशी, ऐंशीच्या पुढची, कानाने अधू. महिनाभर ती चर्चमध्ये रोज एक मेणबत्ती लावत होती.

"सात चांगली," चोचा म्हणाली. "पहिल्या वर्षी सात म्हणजे चांगलीच. पुढच्या वर्षी चौदा होतील."

समोर बसलेल्या दोघांनी ताटात माना घातल्या. पुढचं वर्ष नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"होतील, चोचा," झिगी म्हणाला.

"मी मेणबत्त्या लावतेच आहे."

"लाव."

हळूहळू माणसं बोलायला लागली. कुणीतरी ड्रिस्कॉलच्या पेपरला शिवी घातली, कुणी त्या चारशे जणांना. न्हाव्याने अडुसष्टच्या एका होम रनची गोष्ट काढली. पोर्ट हॅरोत ती सगळ्यांना पाठ होती, तरी सगळ्यांनी ऐकली. झिगी ऐकत होता, खात होता, पण त्याचा पाय टेबलाखाली हलत होता. लोरेटाने गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा थांबला.

"हे सात जण कोण असतील रे?" तिने हळूच विचारलं.

"कुणास ठाऊक. मतं गुप्त असतात."

"म्हणजे यापुढे कुठल्याही पत्रकाराला तोडून बोलायची सोय नाही. नेमका तो सातांतला निघायचा."

झिगी हसला. त्या दिवसातलं ते पहिलं मोकळं हसणं.

"ड्रिस्कॉल त्यात नाही," तो म्हणाला.

"तो म्हणाला?"

"तोंडावर."

"आणि तू त्याची भट्टी दुरुस्त केलीस?"

"थंडी होती तिथे." तो काट्याने पिरोगीचा तुकडा इकडून तिकडे सरकवत राहिला. "लोरेटा, त्या भिंतीचं तू मला विचारलं होतंस ना. घरी गेल्यावर सांगतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या ताटात आणखी दोन पिरोगी वाढल्या.

मग बर्नीने ग्लासावर चमचा वाजवून झिगीला दोन शब्द बोलायला सांगितलं. झिगी उभा राहिला. त्याने खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले, उचलले, परत ठेवले.

"सगळे आलात, बरं वाटलं," तो म्हणाला. "गरम आहे तोवर खा."

एवढंच बोलून तो बसला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला ठरवता आलं नाही, म्हणून जरा उशिरा वाजल्या.

साडेपाच वाजले तेव्हा केक कापायचा होता. केकवर काय लिहिलं होतं ते बर्नीच्या बायकोने सुरीने पुसून टाकलं होतं. वरची साखर नुसती फासलेली दिसत होती. झिगीने लोरेटाला खुणेने सांगितलं, आलोच, आणि कोट खांद्यावर टाकून तो बाहेर पडला.

पाऊस थांबला होता. आवारातली प्रत्येक गाडी बर्फाच्या पातळ काचेत बसवल्यासारखी झाली होती. दारं, आरसे, काचा, सगळं गोठून एक झालं होतं. तासाभरात आतली माणसं बाहेर येणार, त्यांत निम्मी साठीच्या पुढची. त्याने ट्रकमधून काच खरवडायची पट्टी काढली आणि पहिल्या गाडीपाशी गेला. ती कुणाची होती हे त्याला ठाऊक नव्हतं.

दार उघडून बर्नीने डोकं बाहेर काढलं. "अरे, राहू दे ते. ज्याचं तो बघेल. केक थांबलाय तुझ्यासाठी."

"कापा तुम्ही. आणि दार लाव, गार वारा आत जातोय."

बर्नी थोडा वेळ उभा राहिला, मग दार लागलं. झिगीने पट्टी काचेच्या वरच्या कडेला टेकवली आणि जोर दिला. बर्फ आधी तडकला, मग त्याचा मोठा पापुद्रा सुटून त्याच्या बुटांवर फुटला. पूर्ण काच साफ झाल्यावर त्याने दोन्ही वायपर उचलून सरळ उभे केले, म्हणजे ते परत चिकटणार नाहीत, आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.